फोन फाटकातून आत आला की

तुमचे बाबा मागच्या उन्हाळ्यात अचानक रजा टाकून एकटेच सोलापूरला आले, तेव्हा त्यांनी तुम्हाला काय सांगितलं ते मला ठाऊक नाही. "आजोबांची तब्येत" असं काहीतरी सांगितलं असणार. ते पुरतं खरं नव्हे. तुम्ही दोघं आता मोठे झाला आहात, मराठी वाचायलाही लागला आहात, म्हणून जे झालं ते इथे क्रमानं लिहिते. क्रमाशिवाय मला चैन पडत नाही, हे माझे मसाल्याचे डबे पाहिल्यापासून तुम्ही जाणताच.

त्याच्या आदल्या वर्षी आजोबांना अंगणात चक्कर आली होती. डॉक्टरांनी सांगितलं की हृदयाचे ठोके मधूनच ताल सोडतात. गोळ्या घेतल्या तर बरं चालेल, पण लक्ष ठेवायला हवं. तुमच्या बाबांना एवढं पुरलं. घर बंद करून कायमचं आमच्याकडे या, असं ते रोज फोनवर म्हणू लागले. आजोबा ऐकून घेत आणि विषय बदलत. त्यांचं इथून न हलण्याचं कारण घर नव्हतं. आयुष्यभर त्यांनी चादरींची नक्षी काढली, आणि गिरणीतून निवृत्त झाल्यावरही अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका यंत्रमाग कारखान्यात ते आठवड्यातून दोनतीनदा जातात. नवीन चादरीचा काठ कसा असावा हे तिथली मंडळी अजून त्यांना विचारतात. तुमच्याकडे येऊन ते काय काढणार, आणि कोणासाठी?

शेवटी बाबांनी एक तोडगा काढला. त्यांनी एक यंत्र पाठवलं. रोज सकाळी आजोबांनी ते दोन्ही हातांत धरायचं. रेघ सरळ तालात आली तर इथे राहायचं. एकदा जरी बिघडली, तर पुढच्या विमानानं निघायचं. आजोबांनी कबूल केलं. मीही मान डोलावली, त्यामुळे मीसुद्धा त्या करारात आले.

यंत्र हातात मावणारं होतं. लांबट, चपटं, वरच्या बाजूला दोन धातूच्या पट्ट्या. पट्ट्यांवर दोन अंगठे ठेवून गप्प बसायचं. त्याच्या पोटातला हिरवा दिवा पेटतो, थोड्या वेळात विझतो आणि हृदयाच्या ठोक्यांची रेघ तयार होते. पण ती रेघ यंत्रावर दिसत नाही. ती ब्लूटूथनं आजोबांच्या फोनवर जाते, आणि फोन ती इंटरनेटवरून तुमच्या बाबांच्या फोनवर पोचवतो.

सोबतचं माहितीपत्रक बारीक इंग्रजीत होतं. मी भिंग घेऊन ते पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं. निदान वाचलं असं मला वाटलं. त्यातली एक गोष्ट मला फार आवडली. या यंत्राला स्वतःचं इंटरनेट नाही, असं स्पष्ट लिहिलं होतं. त्याला जगाकडे जायचा रस्ताच नाही; जवळ असलेल्या फोनच्या रस्त्यानं ते जातं. मग जवळ म्हणजे किती जवळ, हा प्रश्न मला पडला, आणि पत्रकातल्या मीटरच्या आकड्यावर माझा विश्वास बसेना. तो आकडा मोकळ्या मैदानातला असणार. आमच्या घराच्या भिंती दगडी आहेत.

आधी जोडणी करायची होती. फोनला "शोध" म्हटल्यावर त्यानं आसपासच्या सगळ्या वस्तूंची नावं मांडली, आणि मी यंत्र विसरून ती यादीच वाचत बसले. समोरच्यांचा टीव्ही, कोणाचे तरी कानात घालायचे इअरफोन, एक स्पीकर. एका वस्तूचं नाव होतं "हात लावू नको". गल्लीत कोणाच्या घरात ही वस्तू आहे ते मला अजून कळलेलं नाही, पण एका घरावर माझा संशय आहे. यादीच्या तळाशी आमचं यंत्र सापडलं. फोनवर एक आकडा आला, तो बरोबर म्हणून सांगितलं, आणि दोघांची ओळख झाली.

मग मी यंत्र घेऊन घरभर हिंडले. फोन ओसरीत ठेवला होता. स्वयंपाकघरात जोडणी टिकली, मागच्या जिन्यावर टिकली, न्हाणीघरात तुटली. फाटकापर्यंत टिकत होती; फाटक ओलांडून शेजारच्या अक्कांच्या दारापर्यंत गेलं की तुटायची. यंत्र स्टीलच्या डब्यात घालून झाकण लावलं, तर लगेच तुटली. लोणच्याच्या चिनी मातीच्या बरणीत घातलं, तर टिकली.

आजोबा दारात उभे होते. "बरणी धुऊन घेतलीस ना?" म्हणाले. "नाहीतर माझ्या काळजाला मोहरीचा वास यायचा."

असे पाचसहा महिने गेले. रोज सकाळी चहाआधी आजोबा अंगठे ठेवत, फोन टुंग करी, आणि तुमच्या बाबांकडून उत्तर म्हणून वर केलेल्या अंगठ्याचं चित्र येई. तुमच्याकडे तेव्हा रात्र असे, तरी येई.

चैत्रात आमच्याकडे उडदाचे पापड झाले. पापड एकटीनं होत नाहीत. आज आमच्याकडे, परवा अक्कांकडे, मग ताईंकडे, असं आम्ही फिरून करतो. अक्का म्हणजे डावीकडच्या घरातल्या. घरी तेलुगू बोलतात, घरात पिढ्यान्‌पिढ्या माग. ताई समोरच्या, महापालिकेतून निवृत्त झाल्या. आणि मावशी आमच्याकडे भाकऱ्या करायला येतात, मूळच्या मैंदर्गीकडच्या. लाट्या करताना मावशींचा हात कोणी धरत नाही. त्या दिवशी आजोबा कारखान्यात गेले होते आणि अर्थातच फोन त्यांच्या खिशात होता.

पापड वाळत घालून झाले, हात धुतले, चहा ठेवला. यंत्र कपाटावर होतं. ताईंची नजर गेली.

"हेच का वो वहिनी, ते साहेबांचं काळीज परदेशी धाडणारं?"

"हेच."

"बघू तर."

आता सोलापुरात एखाद्या घरी नवीन वस्तू आली आणि शेजारणीनं "बघू" म्हटलं, तर ती हातात द्यायची असते. कपाटावरून दाखवायची नसते. आमच्या गल्लीत पहिला मिक्सर आला तेव्हा सगळ्या गल्लीची चटणी त्यात झाली होती. मी यंत्र खाली घेतलं. फोन घरात नाही, म्हणजे काही कुठे जाणार नाही, हा हिशोबही मी मनात केला. अंगठे कसे ठेवायचे ते दाखवलं आणि पहिली पाळी ताईंना दिली. मग अक्कांची. त्यांच्या अंगठ्यांना मागाच्या दोऱ्यांनी घट्टे पडलेले, यंत्राला काही लागेना. हिरवा दिवा पेटेच ना.

"माझं काळीज हायच न्हाय म्हनतंय," अक्का म्हणाल्या. "नवऱ्याला सांगते. तो चाळीस वर्षं हेच म्हनतोय."

मावशी हसून हसून भिंतीला टेकल्या. ओलं फडकं अंगठ्यांना लावल्यावर दिवा पेटला. मग मावशींची पाळी झाली. मी सगळ्यांना चहा दिला, यंत्र पुसून कपाटावर ठेवलं आणि ते डोक्यातून गेलं.

संध्याकाळी आजोबा रिक्षातून उतरले. मी ओसरीत पापड डब्यात भरत होते. त्यांनी फाटक उघडलं, एक पाऊल आत टाकलं, आणि खिशातला फोन टुंग-टुंग-टुंग असा लागोपाठ वाजला. त्यांना वाटलं, कारखान्यातून काही आलं. चष्मा नव्हता, म्हणून त्यांनी पाहिलंही नाही.

थोड्याच वेळात तुमच्या बाबांचा फोन आला. तो माझ्या फोनवर आला, यावरूनच मला काहीतरी बिनसल्याचं कळलं.

"आई, बाबा कुठे आहेत?"

"इथेच. हातपाय धुताहेत."

"त्यांना झोपव. आत्ताच्या आत्ता. एमआयडीसीतून आल्या आल्या रेघ घेतली ना त्यांनी? ती बिघडलेली आहे."

"त्यांनी घेतलीच नाही रे."

"आई, यंत्रावरून आली आहे. सहा वाजून काही मिनिटांनी. चारपाच रेघा आहेत, त्यातली एक स्पष्ट बिघडलेली. बरं वाटत नव्हतं म्हणूनच त्यांनी परत परत घेतली असणार."

मी पापडांची दुपार सांगितली. मग तुमचे बाबा फार हळू बोलले, जे त्यांच्या रागाचं लक्षण आहे. "दुपारी घेतलेल्या रेघा संध्याकाळी सहाला कशा येतील, आई? तू त्यांना पाठीशी घालते आहेस. मी तिकिटं बघतो."

त्या रात्री आजोबांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी मोठ्या यंत्रावर रेघ काढली. ती ठीक होती. तुमच्या बाबांना ते कळवलं, तर म्हणाले, आत्ता ठीक असेल, सहा वाजता नव्हती. दुसऱ्या दिवशी कारखान्यातून बोलावणं आलं, आजोबांनी येत नाही म्हणून सांगितलं. काठाचा अर्धा काढलेला कागद त्यांनी गुंडाळून कपाटाच्या वर ठेवला. मला वाटलं होतं की ते चिडतील. ते वाद घालायचंही सोडून बसले.

मी पुन्हा भिंग घेतलं आणि पत्रक उघडलं. शेवटच्या पानावर, जिथे सगळे सोडून देतात तिथे, एक वाक्य होतं: फोन जवळ नसेल तर यंत्र रेघा साठवून ठेवतं आणि फोन जवळ आला की पाठवतं. वेळ कुठली धरतं ते लिहिलंच नव्हतं. मी मागच्या वेळी ते वाक्य वाचलं होतं की नाही, कोण जाणे.

वाचून विश्वास ठेवण्यापेक्षा करून बघावं, म्हणून मी ताईंना बोलावलं आणि आजोबांना फोन देऊन चौकात पाठवलं.

"चौकात जाऊन काय करू?" ते म्हणाले.

"काही नको. उभे राहा. अर्ध्या तासानं या."

"साठ वर्षांनी घराबाहेर उभं करतेयस."

ते गेले. ताईंनी अंगठे ठेवले, दिवा विझला. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. मग आम्ही दोघी ओसरीत बसून वाट पाहू लागलो. आजोबा आले, फाटकातून आत पाऊल टाकलं आणि फोन टुंग झाला. फोनवर ताईंची रेघ होती आणि तिच्यावर वेळ होती ते फाटकातून आत आल्याची.

मला इतका आनंद झाला की मी ताईंचा हात धरला. यंत्र खोटं बोललं नव्हतं. त्याला फक्त आपण केव्हा ऐकलं ते ठाऊक नव्हतं. रेघ आली की तिच्यावर पोचल्याची वेळ घालायची, एवढंच फोनला माहीत होतं. दुपारच्या चहाच्या रेघा यंत्राच्या पोटात बसून राहिल्या आणि आजोबा एमआयडीसीतून परतताच त्यांच्या नावावर जाऊन चिकटल्या.

तुमच्या बाबांना मी हे सगळं सविस्तर लिहून पाठवलं. त्यांचं उत्तर आलं: "मान्य. असं होऊ शकतं. पण मग ती बिघडलेली रेघ कोणाची? ते सांग, म्हणजे मी विश्वास ठेवतो. आणि ज्याची असेल त्याला आधी दवाखान्यात ने."

आनंद तिथेच थांबला. त्यांचं म्हणणं रास्त होतं. आजोबांना घरी ठेवायचं, तर ती रेघ कोणाची हे कळायला हवं होतं. आणि त्या तिघींपैकी कोणाचं तरी काळीज ताल सोडत होतं आणि तिला ते माहीत नव्हतं.

ताईंची रेघ नुकतीच पाहिली होती, सरळ होती. अक्कांकडे मी फोन आणि यंत्र दोन्ही घेऊन गेले. त्यांनी ओलं फडकं आधीच तयार ठेवलं होतं. त्यांची रेघ मी तीनदा घेतली, सरळच आली. अक्का जरा हिरमुसल्या. आपल्याला काहीतरी मोठं झालं असावं, अशी त्यांची तयारी होती.

उरल्या मावशी. आणि माझा संशय खरं तर पहिल्यापासून मावशींवरच होता. जिना चढताना त्यांना दम लागतो. पण त्या आदल्याच दिवशी बहिणीच्या नातवाच्या लग्नाला गावी गेल्या होत्या, मैंदर्गीच्याही पुढे, मळ्यातल्या वस्तीवर. आठ दिवसांनी येणार होत्या. त्यांच्या बहिणीच्या घरी फोन लावला तर कोणी उचलेना.

"आठ दिवस थांबू," आजोबा म्हणाले.

"आणि त्यांना काही झालं तर?"

ते उठले आणि कपाटातून टोपी काढली.

सकाळच्या एसटीनं आम्ही अक्कलकोटला गेलो, तिथून दुसऱ्या एसटीनं मैंदर्गीला, आणि तिथून एका ओळखीनं मिळालेल्या टमटममधून मळ्याच्या वाटेपर्यंत. पुढे चालत. ऊन चढलं होतं. बसमध्ये पुढच्या बाकावर दोन बाया कन्नडमध्ये भांडत होत्या. आजोबांना कन्नड येतं, ते मला सांगत होते, ही म्हणतेय तिची शेळी चोरली, ती म्हणतेय शेळी आपणहून आली. मी ऐकत होते आणि दर थोड्या वेळानं पिशवीत हात घालून यंत्र चाचपत होते.

मावशी गोठ्याच्या सावलीत शेळ्यांना पाला घालत होत्या. आम्हाला बघून त्यांनी पदर सावरला.

"अगं बया, काय झालं वो बाई? कोन गेलं?"

"कोणी गेलं नाही. तुमचं काळीज बघायला आलोय."

"माजं?" त्या आजोबांकडे बघायला लागल्या. "एवढ्या लांब, ह्या उनात? माज्या न्हवऱ्यानं कदी बघितलं न्हाय वो."

बसायला घोंगडी आली, पाणी आलं, ताक आलं. फोनला तिथे नेट नव्हतं. कोपऱ्यात फुली दिसत होती. पण यंत्राला आणि फोनला एकमेकांशी बोलायला नेट लागत नाही, एवढं मला आता माहीत होतं. रेघ फोनवर येईल. पुढे तुमच्या बाबांकडे जायचं ते नंतर जाईल. मावशींनी हात धुतले, अंगठे ठेवले आणि श्वास रोखून बसल्या.

"श्वास घ्या, मावशी."

"घेऊ व्हय?"

रेघ आली. मी चष्मा लावून पाहिली, आजोबांनी पाहिली. एकसारखी, फुटपट्टीनं काढल्यासारखी. पुन्हा घेतली. तशीच.

"चांगली हाय का वाईट?"

"चांगली आहे."

"मग तोंड का असं पडलंय तुमचं?"

तिघींच्या रेघा सरळ होत्या. मग ती रेघ आली कुठून? पुन्हा आजोबांकडेच बोट जाणार, एवढंच मला दिसत होतं. मी मावशींना सगळं सांगितलं. त्या दिवशी यंत्र कोणाकोणाच्या हातात गेलं, कोणाच्या मागून कोण. ताई, अक्का, तुम्ही. बोटांवर मोजून दाखवलं.

मावशी ऐकत होत्या. मग त्यांनी माझी मिटलेली तीन बोटं बघितली आणि विचारलं, "आन तुमी?"

"मी नाही. मी फक्त कसं धरायचं ते दाखवलं."

"दावलं म्हंजे धरलंच की वो. दिवा बी पेटला होता तुमच्या हातात. मी बघितला की."

माझी बोटं तशीच राहिली. आयुष्यभर मी पंगती वाढल्या आणि पानं मोजली. किती जण बसले, कोणाचं राहिलं, हे मला डोळे मिटून सांगता येतं. त्या मोजणीत वाढणारी कधीच नसते. ती मागाहून, उरलं तर. त्या दुपारी मी स्वतःला मोजलंच नव्हतं, आणि नंतर इतका शोध घेतानाही नाही.

"धरा बघू," मावशी म्हणाल्या.

उन्हातून चालून आले होते. मी अंगठे ठेवले. रेघ आली. ती कशी होती ते तुम्हाला कशी सांगू? आजोबांच्या भाषेत सांगायचं, तर काठ विणताना मधला एखादा दोरा सुटावा आणि पुढची नक्षी जवळजवळ यावी, मग लांब जावी, तशी. मला तेव्हा काहीच होत नव्हतं. छातीत धडधडही नव्हती. आपल्या आत इतकं काही चाललंय आणि आपल्याला गंधवार्ता नाही, याचं मला भय वाटण्याआधी नवल वाटलं.

आजोबांनी फोन माझ्या हातातून घेतला आणि बराच वेळ बघत राहिले. मावशींनी मला आणखी ताक दिलं, जणू ताकानं ती नीट होणार होती.

परतीच्या एसटीत खिडकीजवळ जागा मिळाली. फोन आजोबांच्या मांडीवर होता, कोपऱ्यात अजून फुली.

"अजून गेलेली नाही," ते म्हणाले.

"कुठे?"

"त्याच्याकडे. फोनमध्येच आहे. अक्कलकोट जवळ आलं की नेट येईल आणि जाईल. पुसायची असली तर आत्ताच."

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळेना.

"पुसली तर काय सांगणार?"

"मावशींची होती म्हणून सांगायचं. त्यांचं काय जातंय? मी कारखान्यात जाईन, तू इथल्या डॉक्टरांकडे गुपचूप जा. गोळ्या माझ्याकडे आहेतच, त्याच देतील." ते थांबले. "कायमचं निघायचं नसलं, तर म्हणतो. जायचं कोणाला आहे?"

जायचं मलाही नव्हतं, हे तोपर्यंत मी कोणाला सांगितलं नव्हतं. सगळेच आजोबांचं बोलत होते, मीही त्यांचंच बोलत होते. पण माझी माझी गल्ली होती, माझे पापड होते, आणि "हात लावू नको" कोणाचं आहे ते मला अजून शोधायचं होतं.

मी फोन हातात घेतला. रेघेच्या शेजारी पुसायचं छोटं चिन्ह होतं. बस खड्ड्यांतून जात होती आणि माझा अंगठा त्याच्यावरून सरकत होता. मला मावशी दिसल्या, श्वास रोखून बसलेल्या. त्यांची रेघ वाईट निघाली असती, तर मी त्यांना काय सांगितलं असतं? तिथल्या तिथे उठवून दवाखान्यात नेलं असतं, लग्न असो की काही असो. लपवा, असं मी त्यांना सांगितलं असतं का?

"राहू दे," मी म्हटलं आणि फोन त्यांना परत दिला.

"मी पुसली असती," आजोबा म्हणाले.

"माहीत आहे. म्हणून तर तुमच्या अंगठ्यावर पहारा आहे."

ते हसले नाहीत, पण त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. भर बसमध्ये, टोपी घातलेल्या माणसानं. पुढे पवनचक्क्या दिसू लागल्या, मग पत्र्यांची दुकानं, आणि फुली गेली. फोन टुंग झाला.

तुमच्या बाबांचा फोन आम्ही अक्कलकोटच्या स्टँडवर उतरेपर्यंत आला. मी त्यांना काही बोलू दिलं नाही. "ती रेघ माझी होती," म्हटलं. "आत्ताची आणि त्या दिवसाचीही. मी दाखवायला म्हणून धरलं होतं."

स्टँडवर कंडक्टर ओरडत होता.

"आई, तुला बरं आहे का?"

"मला बरं आहे. मी ताक पिऊन आले."

"तिकिटं..." ते म्हणाले आणि थांबले. "आधी डॉक्टर. मी येतो."

ते आले. मला डॉक्टरांकडे घेऊन गेले, सगळ्या तपासण्यांना माझ्याबरोबर बसले. डॉक्टर म्हणाले, या वयात असं आढळतं, वेळेवर कळलं हे बरं. गोळ्या नियमानं घ्यायच्या, मधूनमधून दाखवायला यायचं. मी विचारलं की रेघ कधी बिघडते आणि कधी सरळ येते, याचा काही नियम आहे का. ते म्हणाले, नियम असता तर आमचं काम सोपं झालं असतं. हे उत्तर मला पटलं नाही. अजून पटत नाही, पण दुसरं मिळालेलं नाही.

मग एके सकाळी तुमचे बाबा आजोबांबरोबर एमआयडीसीत गेले. नुसतं बघून येतो, म्हणाले. दुपारच्या जेवणाला दोघंही आले नाहीत. संध्याकाळी आले तेव्हा तुमच्या बाबांच्या केसांवर आणि भुवयांवर कापसाची लव बसली होती. त्यांना ते कळलेलंही नव्हतं. आजोबांनी आधी काढलेला एक काठ मागावर चढताना त्यांनी पहिल्यांदाच पाहिला होता. लहान होते तेव्हा आम्ही त्यांना कारखान्यात कधी जाऊ दिलं नव्हतं, माग लागेल म्हणून.

रात्री जेवून झाल्यावर ते आजोबांचा फोन घेऊन बसले. यंत्राच्या ॲपमध्ये माणसांची नावं वेगवेगळी ठेवता येतात, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. त्यांनी एक "बाबा" केलं, एक "आई". मग थोडा विचार करून तिसरं केलं, "गल्ली", आणि म्हणाले, "ह्यातलं काही माझ्याकडे येणार नाही. तुमचं तुम्ही बघा. फक्त धरायच्या आधी नाव निवडायचं, आई. दाखवायचं असलं तरी."

"आणि करार?" आजोबांनी विचारलं. ते ताटातलं शेंगदाणा चटणीचं शेवटचं बोट पुसत होते, मान वर न करता.

तुमच्या बाबांनी फोन उलटा ठेवला. "पुढच्या वर्षी बघू," म्हणाले.

आजोबा हात धुऊन आले आणि कपाटाच्या वरची गुंडाळी काढली. टेबलावर ती उलगडेना. दोन टोकं गुंडाळायलाच बघत होती. तुमच्या बाबांनी एका टोकावर हात ठेवला, दुसऱ्यावर मी ठेवला, आणि आजोबा पेन्सिलीला टोक करू लागले.